खडूंची पेटी

बाण. रिपोर्टातल्या आकड्याशेजारी खाली तोंड केलेला, मुंगीएवढा बाण... सकाळी चहा गाळता गाळता तो पाहून बाई लेकीला केवढ्या हौसेने म्हणाल्या होत्या, "उतरलं गं! रक्तातलं सगळं उतरलं!" मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, आकडे खाली यायला हवेत. पण कोणते आकडे? प्रश्न पूर्ण वाचा, असं जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडून स्वतः मात्र अर्ध्यावरच उत्तर लिहून मोकळ्या...

लेकीने रिपोर्ट घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हे सी-थ्री आहे. हे उतरणं चांगलं नसतं. तुझा ल्युपस परत उचल खात असणार. आता पुरे झाली ती शाळा."

"आधी मला समजू दे. तोवर माझा पेपर दुसऱ्या कुणी सोडवायचा नाही."

आणि आता हा रिकामा वर्ग, घंटा व्हायची आहे, बोटांचे सांधे आखडलेले — माझं रक्त, आणि ते मलाच वाचता येऊ नये? बाईंनी टेबलावरची खडूंची पेटी उघडली. तळाशी नुसते तुकडे. काल त्या तपासणीला गेल्या, तेव्हा भरलेली होती. त्यांच्यामागे पोरांनी खरडायला फळाच काय, भिंतसुद्धा सोडली नव्हती...

बाई थांबल्या. ल्युपसबद्दल डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेलं, तेव्हा भीतीने डोक्यात न शिरलेलं, आत्ता कुठे उमगलं — शरीराचे राखणदार आपल्याच घराला परकं समजून झोडपतात, आणि त्या झोडपण्यात सी-थ्री हे रक्तातलं प्रथिन खर्ची पडतं. म्हणजे पेटी रिकामी, कारण आत दंगा चाललाय. दंगेखोरांचा, त्या अँटीबॉडींचा आकडा मात्र वर. एवढं सोपं! दुसरीतल्या पोराला कळलं असतं.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"उद्या या, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "लघवीत प्रथिनं नाहीत, म्हणजे मूत्रपिंडं तूर्त ठीक दिसतात. पण एका कागदावर मी गोळ्या ठरवत नाही. जुने रिपोर्ट आणा, सांधे बघू, मग बोलू."

"आणते. आणि या वेळी प्रश्न मी विचारणार."

"अरे बापरे! मला अभ्यास करावा लागणार तर."

बाई हसल्या. जुने रिपोर्ट... पोराची प्रगती शेजारच्या पोराशी नव्हे, त्याच्याच मागच्या वहीशी ताडायची, हे त्यांनीच ना नव्या शिक्षिकांना शिकवलं? गोळ्या वाढतील कदाचित. तोंड पुन्हा सुजेल. लेक पुन्हा राजीनाम्याचं काढेल — काढू दे.

घंटा झाली. भीती होतीच, दारात उभी, उशिरा आलेल्या पोरासारखी. हाकलून ती जायची नाही, हे बाईंना ठाऊक होतं. ये, बस, पहिल्याच बाकावर, माझ्या नजरेसमोर... पण तास मी घेणार.

पेटीतला सगळ्यात लहान तुकडा त्यांनी आखडलेल्या बोटांत धरला.