रुमालाऐवजी हातोडा

चौकातला ग्रॅनाइटचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आधीचा मी, प्लास्टरचा नमुना बोलतोय. व्हरमाँटमधल्या आमच्या गावात दगडाचा माणूस घडवायचा तर आधी माझ्यासारखा करतात. माझ्या अंगावर पेन्सिलीने फुल्या मारतात आणि एकेका फुलीचं माप घेत दगड कोरतात.

मला घडवलं रूथ लाशान्सने. गावाच्या समितीला जुन्या पाथरवटांचं स्मारक हवं होतं. म्हणून रूथ आठ रविवार एर्सीलिया बोत्ताईकडे जाऊन बसली. एर्सीलिया एक्याण्णव वर्षांची, पाथरवटाची मुलगी.

"थंडी नको म्हणून बाबा आणि बाकीचे पाथरवट दगड घडवायच्या शेडच्या खिडक्या लावून घ्यायचे," ती सांगे. "मग धूळ जाणार कुठे? छातीत गेली. खोकताना बाबा तोंडावर रुमाल धरायचे. रक्त मला दिसू नये म्हणून गं."

"मावशी, तसेच घडवते त्यांना," रूथने शब्द दिला.

तसाच मी झालो. बसलेला, उजव्या हातातला रुमाल ओठांशी. एर्सीलियाने येऊन माझ्या बोटांवरून कितीतरी वेळ हात फिरवला.

मग समितीचे अध्यक्ष गिलफेदर आले. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "याला सर्दी झालीय का? अहो, चौकात लोक आइस्क्रीम खातात. हातोडा द्या त्याच्या हातात."

"पण तो आजारी होता," रूथ म्हणाली.

"सगळेच होते. माझे आजोबासुद्धा. म्हणून काय गावभर सांगायचं?"

रूथ चार दिवस भांडली. पाचव्या दिवशी तिने करवतीने माझा उजवा हात कोपरापासून कापला आणि हातोडा धरलेला नवा बसवला. कापताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. आणि मी? खरं सांगतो, नव्या हाताच्या रुबाबाने जरा सुखावलो होतो. त्याची लाज अजून वाटते.

अनावरणाला मलाही पुतळ्याशेजारी मांडलं होतं. एर्सीलिया चाकाच्या खुर्चीतून आली. मान वर करून तिने पुतळ्याकडे पाहिलं.

"देखणा आहे," ती म्हणाली. "कुणाचा बाप गं हा?"

पुढच्या मार्चमध्ये एर्सीलिया गेली. ग्रॅनाइट काही पुसून पुन्हा घडवता येत नाही.

आता मी रूथच्या शेडमध्ये दाराआड असतो. ओल लागून एक पाय सुटत चाललाय. तुम्ही चौकात जाल, पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढाल. जरूर काढा. फक्त सोबतच्या माणसाला एवढं सांगा, हा बेचाळिसाव्या वर्षी गेला. शेवटी शेवटी त्याला घरचा जिनाही चढवत नव्हता.