हजेरीचे ठिपके

विष्णुपंतांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "ती कुठाय?"

ती कोण, हे शलाकाला विचारावं लागलं नाही. तिच्या पप्पांची, धर्मराजची, गिटार या घरात कायम 'ती'च होती. लाल, जपानी बनावटीची, शलाकापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. अंबरनाथच्या कंपनीतली शिफ्ट संपवून धर्मराज ऑर्केस्ट्रात ती वाजवायचा आणि विष्णुपंत शेजारी ढोलक धरायचे. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, धर्मराज निवृत्त होऊन बदलापूरला राहायला आला, पण रोज संध्याकाळी ती भिंतीवरून खाली उतरायचीच. त्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"अंबरनाथच्या पुढे, कॅम्प चारला दिलीय काका, टेकूअंकलकडे," शलाका म्हणाली. "स्पीकरला लावली की घरघर करत होती. वर्षश्राद्धाला तुम्ही कोणाकडून तरी वाजवून घेणार म्हणालात, म्हणून म्हटलं नीट करून घ्यावी."

"वायरिंगच ना फक्त?"

गुरुवारी ऑफिसात असताना फर्निचर रंगवण्यापासून वायरिंगपर्यंत सगळंच करणाऱ्या टेकूअंकलचा, टेकचंदचा, फोन आला होता. "बेटा, वायरिंग तो हो गया. रंग पण उडालाय. पूरा काम करून टाकू काय? पैसा नको हां, धर्मराज अपना आदमी होता." समोर साहेब उभे होते. ती म्हणाली होती, "हो अंकल, करा सगळं."

तिने ते सांगितलं तेव्हा विष्णुपंतांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"अगं शलू, रंगाला हात लावायचा नसतो! पुण्याचा तो माणूस आठवतो का, जुन्या गिटारी जमवणारा? बॅटरीचा उजेड टाकून अर्धा तास बघत बसला होता. म्हणाला, परदेशात लोक नवीकोरी गिटार मुद्दाम घासून घेतात, अशी दिसावी म्हणून. आणि ही खरी झिजलेली."

शलाकाला तो माणूस आठवत होता. उजवा हात टेकून टेकून रंग जाऊन जिथे लाकूड उघडं पडलं होतं आणि किंचित खोलगटही झालं होतं, तिथून त्याने हळूच बोट फिरवलं होतं. मग तारांच्या खालच्या कुंकवाच्या डागाशी तो थांबला. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा करून धर्मराज घरी यायचा आणि गिटारला कुंकू लावायचा. दरवर्षी त्याच जागी, मधल्या बोटाने. ठिपक्यावर ठिपका बसत लाकूड आतपर्यंत रंगलं होतं. "हा डाग काढता येईल का?" त्या माणसाने विचारलं, तेव्हा पप्पा हसले होते. "डाग नाही साहेब, हजेरी आहे."

शलाकाने फोन लावला. टेकचंद उचलेना. पुन्हा लावला. पायात चप्पल सरकवतानाही लावतच होती.

स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "अंबरनाथपर्यंतच जाणार, ताई."

"कॅम्प चार. पाहिजे तेवढे घ्या. लवकर चला."

"पेशंट हाय का कोणी?"

"हो," शलाका म्हणाली.

त्याने हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. अंबरनाथच्या वळणावर एका टेम्पोवाल्याला त्याने आईवरून शिवी हासडली आणि मग मागे वळून विचारलं, "हॉस्पिटल कुठलं?"

"फर्निचरची गल्ली आहे ना, तिथे."

"तिथं कुठलं हॉस्पिटल? तिथं तर पलंग बनवतात."

"तुम्ही चला हो!"

तिच्या आवाजाला तो घाबरला असावा. त्याने रिक्षा आणखी पळवली. पलीकडे टेकचंदचा फोन वाजत होता आणि वाजून वाजून बंद होत होता. शलाकाला हॉस्पिटलमधली चादर दिसत होती. शुद्ध नव्हती तरी पप्पांचं उजवं मनगट त्या चादरीवर, हवेत काही टेकायला असावं तसं, किंचित उचललेलं होतं. नंतर सगळं घाईत झालं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष गेले. शलाका निघाली, तर बनूआत्याने दारातच हात धरला. "बाया जात नाहीत गं सावडायला." तिने ऐकलं होतं. त्याही वेळी ती 'हो'च म्हणाली होती.

टेकचंदच्या दुकानात हवेचा पंप धडधडत होता. फोन गल्ल्यावर वाजत होता आणि त्याला ऐकू येत नव्हता. शलाकाला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने पंप बंद केला.

"आली? देख, तुझ्या पप्पाची गिटार!"

ती छताला तारेने लटकत होती. सोललेल्या बटाट्यासारखी पांढरट. हात टेकायची जागा शलाकाने तळव्याने शोधली. वरपासून खालपर्यंत सगळं सारखं होतं.

"तीन-तीन नंबरचे पॉलिशपेपर मारले," टेकचंद कौतुकाने सांगत होता. "कुंकू तर अंदर घुसलं होतं. काल अर्धा दिवस तेच घासलं. आता फक्त लाल कौनसा पाहिजे ते बोल."

शलाकाचा तळवा अजून लाकडावरच फिरत होता. ते बघून त्याने हातातला रंगांच्या नमुन्यांचा कागद खाली घेतला.

"मैंने पूछा था ना, बेटा?"

"हो. विचारलं होतंत." मग ती म्हणाली, "घासलेला भुसा कुठाय?"

"भुसा?"

"याचा. कालचा."

टेबलाखाली पत्र्याचा डबा होता. शलाकाने वर्तमानपत्र पसरलं, डबा उपडा केला आणि तिथेच फरशीवर बसली. टेकचंद काही क्षण उभाच राहिला. मग गुडघे धरत तोही खाली बसला आणि चष्मा लावला.

"हा काळा देव्हाऱ्याचा. शिसम. हा बाजूला काढ. पिवळा दरवाजाचा."

दोघं बोटांनी ढीग वेगळे करत गेले. शेवटी लाल तेवढा उरला, मूठभर. शलाकाने तो डाव्या तळव्यात घेतला. टेकचंदने तिच्याकडे बघितलं नाही.

"बेटा, एक पाळणा पण घासला होता काल. तो पण लालच होता."

"यातला पप्पांचा कुठला?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. तसाच पुसत राहिला.

शलाका उठली. भुशाची चिमूट मधल्या बोटावर घेऊन तिने तारांच्या खाली, जिथे ठिपका होता असं तिला वाटत होतं तिथे, दाबून धरली. बोट उचललं तशी भुकटी गुळगुळीत लाकडावरून घरंगळून गेली. तिने बोट ओलं करून पुन्हा दाबलं. थोडी चिकटली, मग तीही गळली. जागा तीच होती का, चार बोटं वर होती का, तेही आता कळत नव्हतं.

फोन वाजला. विष्णुपंतांचा होता. पलीकडून काय विचारतील, ते तिला माहीत होतं. टेकचंदने फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

शलाकाने फोन वाजू दिला आणि डाव्या तळव्यातून आणखी एक चिमूट उचलली.