माझ्या चिखलाची थोरवी

मित्रांनो, मी एक जुना ओढा आहे, आणि माझा सगळा तोरा माझ्या चिखलात आहे. हसलात ना? खुशाल हसा. सोनपेठची माणसंही एकदा हसली होती. मग वर्षभर ती डोक्यावर घागरी घेऊन कोसभर लांब पाण्याला गेली.

माळावरच्या एका पाझरातून माझा जन्म झाला. तिथून मी रमतगमत येतो, आठवडी बाजाराच्या तळाला वळसा घालतो आणि पुढं गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, जाऊन मिळतो. बाजाराच्या खालच्या अंगाला मी ऐसपैस पसरत असे. तिथं गुडघाभर चिखल होता आणि पुरुषभर उंचीची पाणकणसं दाटीनं उभी होती. बैलांचं शेण, सडकी भाजी, धुण्याचा मळ, सगळं माझ्याच पदरात पडे. पाणकणसांमधून ते पाणी मुंगीच्या पावलानं चाले. गाळ खाली बसे, मुळं आणि चिखलातले बारीक जीव घाण पचवून टाकत, आणि पलीकडं वाळूत पाणी निघे ते नितळ. त्या वाळूत बाया हातानं झिरे उकरत आणि करवंटीनं घागरी भरत.

आणि माझं गणगोत तरी किती! पाणकोंबड्या पिल्लांची रांग घेऊन मिरवत. सुगरणी पाण्यावर वाकलेल्या बाभळीला खोपे टांगत. बेडकं आणि बारीक मासळी डासांच्या अळ्यांचा फडशा पाडत. एवढं मोठं खटलं मी एकटा सांभाळत होतो, आणि कुणी शाबासकी दिली नाही म्हणून कधी रुसलो नाही.

झिरा कुठं उकरावा, हे मात्र चतुराबाईला विचारावं. शेतकरी घरातली ही म्हातारी, चार वर्षांच्या मनकर्णेला, आपल्या नातीला, कडेवर घेऊन येई. खेकड्यानं ताजी माती जिथं वर काढली असेल, तिथंच ती उकरी. "खेकडा नांदतो तिथलं पानी गोड," असं ती सगळ्यांना सांगे.

तो निजामाचा अंमल. सरकारी कागदावर तेव्हा फसली सन लिहीत. एका हिवाळ्यात कुणा बड्या अंमलदाराचा दौरा ठरला आणि त्याचा मुक्काम माझ्याच काठच्या आमराईत पडायचा होता. गावचे पाटील आबासाहेब यांची झोप उडाली.

"सायब ह्यो चिखल बघून नाकाला रुमाल लावंल," ते म्हणाले. "समदं साफ करा."

अख्खं गाव विळे-कुदळी घेऊन उतरलं. पाणकणसं कापली, मुळं उपटली, पात्यांचा मांडव घातला आणि मला एका सरळ चरात घातलं. साहेब मांडवात बसले, झिऱ्याचं पाणी प्याले, "बहोत खूब" म्हणाले, आणि गाव फुगलं. खोटं कशाला बोलू? सरळ चकचकीत धावताना मलाही दोन दिवस बरं वाटलं.

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पाणकोंबड्या निघून गेल्या. बाजाराची घाण आता न थांबता थेट वाळूत येऊ लागली. तिसऱ्या बाजारानंतर मनकर्णेला हगवण लागली आणि चार दिवसांत पोरीचे डोळे खोल गेले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी अंगारा दिला. चतुराबाई तेवढी माझ्याकडं आली. तिनं वाळूत खेकड्याचं बीळ शोधलं. एकही सापडलं नाही. मग ती चराच्या कडेकडेनं वर बाजारतळापर्यंत गेली, शेणपाण्याचा लोट डोळ्यांनी पाहिला आणि झिऱ्याचं पाणी तांब्यात भरून तडक चावडीवर पोचली.

"पाटील, वड्याची चाळणी तोडली तुमी."

"काकू, चिखल होता तो. चिखलानं कुटं पानी निवळतं व्हय?"

चतुराबाईनं तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "सायबाला पाजलं, त्याच झिऱ्याचं हाय. प्या. माझी नात हेच प्यालीय."

आबासाहेबांनी तांब्या तोंडाशी नेला. वास येताच हात थांबला. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं. काय करावं, सांगा."

"चर बुजवा. वरल्या डोहाकाठचे पानकनसाचे गड्डे आना. आनि लावायला पयलं तुमी उतरा."

ते उतरले, मित्रांनो! धोतर खोचून पाटील माझ्या चिखलात उभे राहिले आणि त्यांच्यामागं गाव. इकडं कोसभर लांबच्या, आश्रुबा नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणून, उकळून, चतुराबाई नातीला पेज पाजत राहिली. पोर तगली. पण झिऱ्याचं पाणी म्हातारीनं तिला वर्षभर शिवू दिलं नाही. गुडघे धरले तरी तिची कोसभराची खेप चुकली नाही. मला फार लाज वाटे.

पुढच्या हिवाळ्यात पाणकणसं पुन्हा दाट झाली. पाणकोंबड्या परतल्या, वाळूत खेकड्यांनी माती वर काढली. चतुराबाईनं झिरा उकरला आणि आधी स्वतः ओंजळभर प्याली. दोन दिवस तिनं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं तांब्या मनकर्णेच्या ओठाला लावला. मी धास्तावून गेलो होतो.

पोरीनं तांब्या रिकामा केला. "आजी, आनिक," ती म्हणाली.

एवढी तारीफ मला पुष्कळ झाली. साहेबाचं "बहोत खूब" त्यापुढं काहीच नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावातून एखादा ओढा जात असेल. त्याच्या काठचं गवत ओंगळ दिसेल, चिखल नकोसा वाटेल. साफसफाई जरूर करा, पण विळा उचलण्याआधी खालच्या अंगाला एक चक्कर मारा, आणि तिथं कुणाचं लेकरू पाणी पितं ते पाहून या.