भारोभार

ओमनं टेम्पोचं फाळकं पाडलं आणि गुळाची पहिली ढेप खांद्यावर घेतली. ती पडवीत ठेवून तो दुसरीला वळला, मग तिसरीला. दारात उभी राहून गौतमी भावाच्या येरझाऱ्या बघत होती. भिंतीशी ढेपांची एक ओळ झाली, तिच्यावर दुसरी चढली, आणि तरी टेम्पोत गोणपाटाखाली शिल्लक होतंच.

शेजारच्या गंगूबाई धुणं वाळत घालायचं सोडून कुंपणाशी आल्या.

"एवढा गूळ? जनार्दनभाऊ, लगीन काढलंय का काय?"

"लगीन न्हाई, नवस हाय. गौतमीचा," टेम्पोशी उभे असलेले गौतमीचे वडील, आबा, म्हणाले. "उद्या तिच्या भारोभार गूळ द्यायचाय नाथाला."

गंगूबाईंनी गुळाकडे पाहिलं, मग गौतमीकडे पाहिलं, आणि नको तितका गंभीर चेहरा केला.

"मग लागंल बाई एवढा," त्या म्हणाल्या.

"कमी पडायला नको म्हनून जरा जास्तीच आनलाय," आबांनी खुलासा केला. तो केला नसता तरी चाललं असतं. गौतमी आत निघून गेली.

माण गावातलं हे घर म्हणजे सगळा काटक्यांचा कारभार. आबा उंच आणि वाळके, आई सगुणाबाई तर वाऱ्याच्या दिवसांत बाहेर पडली की काळजी वाटावी अशी, ओमची पँट निव्वळ पट्ट्याच्या भरवशावर. थोरल्या जान्हवीला दोन मुलं झाली तरी लग्नातले ब्लाउज अजून अंगाला येत. अशा घरात गौतमी कुठून निपजली, हे कोडं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पडे, आणि पडलं की तो ते बोलून मोकळा होई. शेत गेलं, त्या जागी खोल्या उठल्या, आयटी पार्कातली पोरं भाड्यानं राहायला आली. त्यांचंही 'चावी मोटी दीदी के पास है' असंच चाले. कुणी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही युक्ती तिनं शाळेतच शिकून घेतली होती. तेविसाव्या वर्षी ती इतकी अंगवळणी पडली होती, की हसू आधी येई आणि बोलणं मागून कळे.

नवसाचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दीड वर्षाची असताना ती मरता मरता वाचली, तेव्हा आईनं भैरवनाथाला बोलून ठेवलं होतं. दर वर्षी यात्रा जवळ आली की आई म्हणे, पुढच्या वर्षी बघू. आधी गौतमी विचारायची. काट्यावर बसायचं म्हणजे मजाच, असं तेव्हा वाटायचं. मग ती अंगानं भरत गेली, आणि एक दिवस तिचं तिलाच उमगलं. असली पोरगी गावासमोर काट्याला कोण टांगेल? आईला आपली लाज वाटते. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही, पण ते मनात सलत राहिलं.

आता मात्र आईच हटून बसली होती. तिच्या पिशवीचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, लांबवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. "डोक्यावर नवस ठेवून मी त्या टेबलावर झोपायची न्हाई," असं तिनं आबांना एकदाच सांगितलं, आणि तिथून पुढं कुणाचं काही चाललं नाही.

रात्री जेवायला जान्हवीही भूगावहून आली होती. भात वाढून झाल्यावर ती हळूच म्हणाली,

"मी काय म्हणते, हिच्याऐवजी उद्या मी बसू का? भिकू गुरवांना विचारलंय मी. घरातली लेक बसली की झालं, म्हणाले."

"बरंच होईल," ओम म्हणाला. "वखारीतला काटा जुना हाय. दोर तुटला म्हंजे?"

कुणी हसलं नाही. गौतमी तेवढी सवयीनं हसली.

"तुझं काय म्हननं हाय, पोरी?" आबांनी विचारलं.

"चालेल की. ताई बसू दे."

तिला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचीच तिला चीड आली. आईनं तिच्या भातावर तुपाचा चमचा सोडला, वर आणखी अर्धा.

"अगं, पुरं की," आबा म्हणाले. हे वाक्य त्या घरात रोज होत असे. आईनं नेहमीसारखंच ते ऐकलं नाही.

सकाळी न्हाऊन झाल्यावर आई तिचे केस विंचरायला बसली. गौतमीनं अंगणाकडे तोंड केलं होतं. समोरासमोर बसून तिला हे विचारता आलं नसतं.

"आई, मी बारीक असते तर तू कधीच फेडला असतास ना गं नवस?"

फणी थांबली.

"म्हंजे?"

"चारचौघांत मला काट्यावर बसवायची तुला लाज वाटली. वाटली तर वाटली. मला कळतं ते."

"खुळी का काय तू?" आई म्हणाली. तिनं फणी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "आता आशा न्हाई, तुला घरी न्या म्हनले डॉक्टर, त्या दिशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसले हुते. तू मांडीवर. आन् मांडीला काय वजनच लागंना. दोनदा पदर उचलून बघितला, पोर हाय का न्हाई म्हनून. तवा बोलले मी नाथाला."

"मग वाचले ना मी. लगेच का नाही फेडलास?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

"फेडला की नाथ मोकळा झाला. मग तुझ्याकडं कोन बघनार? त्याचा गूळ आपल्याकडं ऱ्हायला, तर त्याला तुला जिती ठेवावीच लागंल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. म्हनून दर साली पुढं ढकलत गेले. तू भरत चालली, तशी मी म्हनायची, बघ देवा, तुझा गूळ वाढतोय."

अंगणात भाडेकरूंपैकी कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होता, आणि ती सुरू होत नव्हती.

"मग आता का फेडतेस?"

"आता माझंच काय सांगता येत न्हाई. माझ्या माघारी तुझ्या गळ्यात नको." फणी पुन्हा चालू लागली. "जान्हवी बसू दे. तुला नको वाटत असंल तर नको. त्यो घील समजून."

देवळाच्या मंडपात मधल्या तुळईला वखारीतला मोठा काटा टांगला होता, आणि पडवीतला गूळ पुन्हा भरून टेम्पो बाहेर उभा होता. यात्रा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे निम्मं गाव तिथंच. कुणी पताका लावत होतं, कुणी नुसतंच उभं. भिकू गुरवांनी दोन्ही पारड्यांच्या फळ्यांना हळदकुंकू लावलं आणि जान्हवीला खूण केली. तिनं निऱ्या सावरून एक पाय फळीवर ठेवला.

"ताई, सरक," गौतमी म्हणाली.

"अगं, सगळे बघतायत," जान्हवी कुजबुजली.

"बघू देत."

ती फळीवर मांडी घालून बसली. फळी करकरली. मागं कुणीतरी खोकलं, कुणीतरी मोबाईल वर धरला. नेहमीचं हसू ओठांपर्यंत आलं होतं. या खेपेला तिनं ते हसून टाकलं नाही. दोन्ही हातांनी दोर धरून ती नाथासमोर सरळ बसून राहिली.

आबा आणि ओम समोरच्या फळीवर ढेपा रचू लागले. आबा तिच्याकडे बघत नव्हते. एकेक ढेप ते अगदी हळू ठेवत होते, आवाज झाला तर तिला लागेल अशा बेतानं. फळी हलेना. आणखी एक ढेप पडली, आणि गौतमीच्या खालची जमीन सुटली.

तिला कुणी उचलून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. लहानपणी खेळातही ओम आणि जान्हवी तिच्या पाठीवर बसत, ती कधी कुणाच्या पाठीवर बसली नाही. आज ती वर उचलली गेली होती.

"बास," भिकू गुरव म्हणाले. "भरली."

आबा पुढची ढेप छातीशी धरून उभे होते.

"बास? एवढ्यातच?"

ओमनं वळून टेम्पोकडे पाहिलं. गोणपाटाखाली एक अख्खी रास तशीच पडून होती.

"आबा," तो म्हणाला, "तुमी तिला केवढी धरली हुती?"

जान्हवी खाली बघू लागली. आणि गौतमीला खरंखुरं हसू आलं, पोटातून. इतकी वर्षं या घरात ती, आहे त्याहून कितीतरी जाड होऊन वावरत होती, आणि ते तिलाही माहीत नव्हतं.

"उतर आता, बाळ," गुरव म्हणाले.

"थांबा जरा," आई म्हणाली.

ती पुढं येऊन फळीशी खाली बसली. मनगटावर बांगड्या सैल झालेला हात तिनं फळीच्या कडेला लावला. फळी जराशी हलली, गौतमीही हलली. आई तिच्याकडे वर बघत राहिली.

"लागतंय का गं वजन?" गौतमीनं हळूच विचारलं.

"लागतंय," आई म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

सगळं आटोपल्यावर आबांनी विचारलं,

"उरलेल्याचं काय करायचं? दुकानदार काय परत घ्यायचा न्हाई."

"घरी न्या."

"एवढा? खानार कोन?"

"माझी लेक खाईल," सगुणाबाई म्हणाल्या. "नाथ मोकळा झाला. आता तिच्याकडं मलाच बघायचं हाय. दवाखान्यातनं आले की लाडू करते."

आबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग हातातल्या ढेपेकडे पाहिलं, आणि ती मुकाट्यानं टेम्पोत ठेवून दिली.