जॉब जाऊ देणार नाही

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. जुना खुशाल म्हणा, भंगार मात्र म्हणू नका. तो शब्द मला झोंबतो. लोखंडाचा तुकडा माझ्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, घट्ट बसवतात. मी तो गरगर फिरवतो आणि पोलादी टूल त्याची साल काढत त्याला आकार देते. आमच्या कारखान्यात त्या तुकड्याला 'जॉब' म्हणत. जॉब लावला, जॉब उतरवला, आणि कुणाच्या हातून माप चुकले की 'जॉब गेला'. या शब्दाचा मला एवढाच अर्थ ठाऊक होता.

माझा जन्म ओतशाळेत झाला. अंग ओतून झाल्यावर मला बराच काळ उघड्यावर ऊनपावसात ठेवले होते. मला वाटले, टाकूनच दिले. पुढे कळले, की असे मुरलेले लोखंड सहसा वाकत नाही. मी मुरलेला आहे, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

मग मी पंपांच्या कारखान्यात आलो. मला चालवणाऱ्या टर्नरला, म्हणजे माझ्या कारागिराला, सगळे हळूराव म्हणत, कारण टूल लावण्याआधी तो माप घेई आणि लावल्यावर पुन्हा घेई. पंपाच्या आत फिरणारा दांडा तो माझ्यावर कातत असे. आमचा पंप मिळावा म्हणून लोक नाव नोंदवून महिनोन्महिने थांबत. खरे तर बाजारात दुसरा पंपच नव्हता, पण आम्ही तो आमचाच मोठेपणा समजत होतो.

पुढे सरकारने बाजार खुला केला. परवान्यांची कटकट सुटली, बाहेरच्या मालावरचा कर उतरला. दुकानांत परदेशी पंप आले, हलके आणि स्वस्त. ते चांगले होते, हे मी नाइलाजाने कबूल करतो. आमचे पंप गोदामात धूळ खाऊ लागले, तेव्हा मालकाने संगणकावर चालणारी यंत्रे आणली. त्यातले एकेक यंत्र आमच्या अख्ख्या रांगेचे काम करी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कामगार माझ्याजवळ बसून कुजबुजत होते. आपल्या खात्यातले सगळे जॉब जाणार, असे म्हणत होते. मी संतापलो. हळूरावाच्या हातून माझ्यावर कधी जॉब गेला होता का? दुसऱ्या दिवशी फोरमन आला आणि स्वेच्छानिवृत्ती घे म्हणून हळूरावाला सांगू लागला. तुझी काही चूक नाही, असेही म्हणाला.

"मग माप कुणाचं चुकलं?" हळूरावाने विचारले.

फोरमनने निवृत्तीचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. हळूरावाने सही केली, मला चिंधीने पुसले, पण पुसून झाले तरी तो माझ्याजवळून हलेना. माप बरोबर असूनही जॉब जातो, हे मला त्या दिवशी कळले.

कारखाना सोडून जाताना त्याने मला विकत मागून घेतले. मिळालो भंगाराच्या भावात! हा अपमान मी अजून विसरलेलो नाही. त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला बसवले, आणि त्याच्या बायकोने रंगाने पाटी लिहिली: 'येथे जॉब करून मिळतील'. पण कुणी फिरकेना. मुलींची शाळा सुरू होईपर्यंत वाट बघू, नाहीतर लेथ विकू, असे तिने स्पष्ट सांगितले. विकणार म्हणजे भट्टीतच जाणार, हे मी ओळखले.

अखेर एक बाई आल्या. त्यांचा शिवणाचा कारखाना बंद पडला होता. पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे जॉब मिळतो ना? मला मिळेल का?"

हळूराव ओशाळला. जॉब म्हणजे नोकरी नव्हे, हा लोखंडाचा तुकडा, असे त्याने समजावले. बाई हिरमुसल्या. निघता निघता त्यांनी विचारले, की आमच्या गल्लीतला परदेशी पंप दांडा मोडून बंद पडलाय, सुटा भाग कुठेच मिळत नाही, तो तरी होईल का?

दुसऱ्या दिवशी तो मोडका दांडा आला. हळूरावाने माप घेतले, पुन्हा घेतले, आणि माझ्यावर नवा दांडा उतरवला. गल्लीला पाणी आले. मित्रांनो, त्या परदेशी पंपाच्या पोटात आज मी कातलेला दांडा फिरतो आहे! मग मोडके दांडे घेऊन लोक येऊ लागले, काम एकट्याला आवरेना, आणि हळूरावाने स्वतः जाऊन बाईंना बोलावून आणले.

आज त्यांचा पहिला धडा होता.

"ताई, कमी करायच्या आधी माप घ्यायचं. एकदा निघालं की परत चिकटत नाही."

"आम्हाला कमी केलं, तेव्हा कुणी माप घेतलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माप घेतले.

मित्रांनो, बदल नको असे मी म्हणत नाही. साल निघाल्याशिवाय दांडा होत नाही. पण यंत्राला वेळेवर तेल द्या, आणि माणसाला कमी करण्याआधी हात थांबवून नीट माप घ्या. आता मला बोलायला सवड नाही. चकमध्ये ताईंचा पहिला जॉब लागला आहे, आणि तो मी जाऊ देणार नाही.