चढाला लांब, सपाटीला आखूड

लाँड्रीवाल्याला हौस दांडगी. मोटरसायकलचा मूळचा लांबलचक सायलेन्सर काढून त्याने रुंद, आखूड नळकांडं बसवलं. सपाट रस्त्यावर गाडी अशी सुसाट निघाली की स्वारी स्वतःवरच खूश. पण धुतलेल्या कपड्यांची गाठोडी लादून टेकडीवरच्या हॉटेलचा चढ लागला, तशी गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. ढकलत ढकलत वर पोचेपर्यंत त्याचा स्वतःचाच शर्ट धुवायला टाकण्याजोगा झाला.

"होणारच," मिस्त्री म्हणाला. "आखूड नळीला इंजिन गरगर फिरलं तरच जोर येतो. चढाला ते हळू फिरतं, तिथे ओढायची ताकद हवी. त्याला नळी लांब लागते."

"मग दोन्ही द्या की!"

"कसं देणार? नळी लांब तरी असते, नाहीतर आखूड तरी."

रात्रीच्या जेवणात हे रडगाणं ऐकताना मेहुण्याचा घास हातातच राहिला. तो बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचं पितळी वाद्य.

"भाऊजी, माझी नळी दोन्ही होते."

"खुळा की काय तू?" बायको भावावर खेकसली. तोवर नवरा पाना घेऊन अंगणात पोचलाही होता.

सकाळी सायलेन्सरच्या जागी ट्रॉम्बोनसारखी सरकती नळी होती आणि मेहुणा जाड चामडी हातमोजे घालून मागे उलटा बसला. चढ आला.

"ओढ!" लाँड्रीवाला ओरडला.

मेहुण्याने नळी हातभर बाहेर ओढली आणि गाडी शहाण्यासारखी चढू लागली. सूर असा भरदार निघाला की लाँड्रीवाल्याच्या अंगावर काटा आला.

"सपाटी! आत घे!"

नळी आत, गाडी भुर्रकन पुढे.

हॉटेलच्या दारात मेहुण्याचे बँडमास्तर कार्यक्रमाची बोलणी करत उभे होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे कोण वाजवतंय?"

"गाडी," मेहुणा ओशाळून म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरी वाजवते. उद्यापासून तिला आण. तू नुसती नळी ओढ. फुंकू नकोस."

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. लाँड्रीवाला मात्र हरखला. जन्मात त्याला साधी शिट्टी वाजवता आली नव्हती.

"अहो, पण माझे कपडे कोण पोचवणार?"

बँडमास्तरांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. तेव्हापासून मोटरसायकल पुढे गात चढते आणि मागून अख्खा बँड एका हाताने वाजवत, दुसऱ्या हाताने चादरींची गाठोडी सावरत येतो. ढोलवाल्याला दोन्ही हात लागतात, म्हणून तेवढी सूट आहे. त्याच्याकडे फक्त रुमाल.