सभेत तोडलेली करंजाची झाडं

मित्रांनो, मी एक जुना घाणा आहे. बैल जुंपायचा लाकडी घाणा नव्हे, लोखंडी, पट्ट्यावर फिरणारा. वरच्या चाड्यात करंजाच्या बिया ओतायच्या, एका बाजूने तेल गळायचं, दुसऱ्या बाजूने पेंड पडायची. करंजाचं तेल फार कडू असतं. जन्मभर तेच तोंडात घोळवलं आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

दिंद्रुडच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं आणि गावाच्या कडेला सोसायटीची पत्र्याची शेड लागते. त्या शेडमध्ये मी उभा आहे. माझा पट्टा कुणीतरी कडबाकुट्टीला लावायला नेला तो परत आलाच नाही. माझ्या चाड्यात एक कोंबडी अंडी घालते. एवढ्या मोठ्या सहकारी सोसायटीत माझा उपयोग करणारी ती एकटीच उरली आहे.

माझ्याआधी झाडं आली, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. एके वर्षी समुद्रापलीकडच्या तेलाचे भाव आभाळाला भिडले. सगळीकडे बोलणं सुरू झालं की आता झाडाच्या तेलावर इंजिनं चालवली पाहिजेत. आमच्या सोसायटीचे चेअरमन राधाकिशन अण्णा. मोठे बागायतदार, पांढरे कपडे, बोलणं लाघवी. त्यांनी ओढ्याकाठचं गायरान सोसायटीकडे घेतलं. ती जमीन म्हणजे नुसता खडक होता, म्हणून कुणी आडवं आलं नाही. तिथे करंज लावायचं ठरलं. लावणार कोण? ज्यांना स्वतःची जमीन नव्हती त्या बौद्धवाड्यातल्या बाया. त्यांना सभासद करून घेतलं. झाडं जगवायची आणि पुढे बिया वेचून सोसायटीला घालायच्या, असं ठरलं.

त्या बायांमध्ये पुढे होती मनकर्णा. दसरा झाला की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची. परत आली की घरात भाकरी थापायच्या आधी ओढ्याकाठी जाऊन झाडं बघून यायची. डोक्यावर घागर घेऊन तिनं त्या खडकावर पाणी घातलं. तिची मुलगी मुक्ता दर साली आईबापाबरोबर कारखान्याच्या पालावर जायची आणि शाळेत नुसतं नाव राहायचं. करंजाला फळ आलं की ऊसतोड सोडायची आणि मुक्ताला शाळेत बसवायचं, एवढंच मनकर्णाच्या मनात होतं.

मित्रांनो, करंजाला कसली घाई नसते. पाच-सहा वर्षं तो नुसता वाढतो. भाव काय चालला आहे हे त्याला कळत नाही. शेंगा धरायला लागल्या तेव्हा कुठे सोसायटीने मला मागवलं. लुधियानाकडच्या कारखान्यात माझं ओतकाम झालं, तिथून ट्रकने मी इथवर आलो. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. इंजिनवाल्या शहादेवने पट्टा चढवला. मनकर्णाने आपल्या पाटीतल्या बिया पहिल्यांदा माझ्या चाड्यात ओतल्या. तेलाची धार लागली तेव्हा ती हसली नाही, हात जोडून उभी राहिली. मला ते फार आवडलं. तसं माझ्यापुढे पुन्हा कुणी उभं राहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. ओढ्याकाठच्या विहिरीत तळाशी पाणी होतं, पण वीज यायची तेव्हा यायची आणि डिझेल महाग होतं. शहादेवने विहिरीवरचं जुनं इंजिन माझ्या तेलावर चालवलं.

"आदी घोटभर डिझेल पाजायचं," तो सांगायचा, "इंजिन तापलं की मंग करंज. बंद करताना परत डिझेल. न्हाईतर घसा धरतंय त्याचा."

शेजारच्या गावांना टँकरची वाट बघावी लागे आणि आमच्या टाकीत पाणी पडे. जिल्ह्याहून साहेब आले. माझ्या गळ्यात हार पडला. राधाकिशन अण्णा माझ्या अंगावर हात टाकून उभे राहिले आणि फोटो निघाला. हार दोन दिवसांनी शेळीने खाल्ला, पण फोटो अजून ऑफिसात आहे.

मनकर्णा त्या दसऱ्याला कोयत्यावर गेली नाही. पुढच्या दसऱ्यालाही गेली नाही. मुक्ता शाळेच्या दप्तरासकट शेडमध्ये यायची, पेंडीच्या पोत्यावर बसून पाढे म्हणायची. मी फिरत असलो की माझा आवाज मोठा, म्हणून ती आणखी मोठ्याने म्हणायची. असं छान चाललं होतं.

आता आमच्या सभेची एक रीत सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आलं. वर्षातून एकदा, पोळ्यानंतर, सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते. चेअरमन हातातला कागद भराभर वाचतात, मान वर करतात, सगळे "मंजूर" म्हणतात. मग चहा आणि चिवडा. काय वाचलं हे विचारणं म्हणजे चेअरमनचा अपमान, असं आमच्याकडे मानतात. बाया पहिल्यांदा सभेला आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना प्रेमाने शिकवलं होतं, "मी वाचलं की तुमी जोरात मंजूर म्हनायचं. लाजायचं न्हाई." बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या. मनकर्णा मात्र खणखणीत आवाजात "मंजूर" म्हणायची. ज्या सभेच्या दारातही तिच्या सासूला कुणी उभं केलं नव्हतं, त्या सभेत आपला आवाज घुमतो याचा तिला अभिमान होता. का नसावा?

मग समुद्रापलीकडचं तेल स्वस्त झालं. दूरच्या देशांनी जमिनीतून इतकं तेल उपसलं की घ्यायला गिऱ्हाईक पुरेना. भाव कोसळला. दिंद्रुडच्या पंपावर डिझेलचा आकडा खाली येऊ लागला आणि आमचं गाव खुळं झालं. नवे ट्रॅक्टर आले. बोअर पाडायच्या गाड्या रांगेने आल्या. पाऊस तर सलग दोन वर्षं रुसलेला होता, पण स्वस्त डिझेल आहे म्हटल्यावर कुणी थांबेना. ज्याच्या रानात एक बोअर होता त्याने दुसरा पाडला आणि जनरेटर लावून रात्रंदिवस पाणी ओढलं. ओढ्याकाठच्या विहिरीचं तळातलं पाणी असंच आटलं. ते उन्हाने आटलं असं सगळे म्हणत, मीही म्हणायचं का?

माझा पट्टा थांबला. "कोन बसतंय करंज येचत?" अण्णा म्हणाले. "त्या परास डिझेल सस्तं पडतंय." हिशोब बरोबर होता. त्या दिवसापुरता अगदी बरोबर होता, हेच तर माझं दुखणं आहे.

त्या साली सभा माझ्याच शेडमध्ये भरली. अण्णांनी कागद वाचला. त्यात "अनुत्पादक वृक्षसंपदेची विल्हेवाट" असे शब्द होते. मला ते कळले नाहीत. बायांनाही कळले नाहीत. त्यांना वाटलं, सोसायटीचं काहीतरी नेहमीचं असेल. अण्णांनी मान वर केली.

"मंजूर!" पहिला आवाज मनकर्णाचा होता.

आठवडा गेला असेल. सकाळी ओढ्याकडून कुऱ्हाडींचा आवाज आला. मनकर्णा पदर खोचून पळत सुटली. माझी शेड गायरानासमोरच आहे, मला सगळं दिसत होतं. वीटभट्टीचा ट्रॅक्टर उभा होता आणि अर्धी झाडं आडवी झाली होती. तिनं एका खोडाला मिठी मारली.

"कावून तोडतायसा रं? कुनी सांगितलं?"

कुऱ्हाडवाला परगावचा, बिचारा गोंधळला. "मावशे, आमाला सोसायटीनं धाडलंय. तुमच्याच सभेनं मंजूर केलंय म्हनं."

"कुनी मंजूर केलं?"

तेवढ्यात अण्णा मोटारसायकलवरून आले. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मनकर्णाबाई, लोकांपुढं शोभा कावून करायची? समद्यात आदी तुमीच म्हनल्या की मंजूर."

तिची मिठी सुटली. कुणी सोडवावी लागली नाही. ती खाली बसली आणि तोंडावर हात मारून घ्यायला लागली, ज्या तोंडाने मंजूर म्हटलं त्या तोंडावर. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण ते बघवलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी झाडं गेली. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक झाड होतं, तिकडे ट्रॅक्टर जाईना, म्हणून तेवढं वाचलं.

दसऱ्याला मनकर्णा पुन्हा कोयत्यावर गेली. मुक्ताचं दप्तर खुंटीला राहिलं. पुढे दोन-तीन वर्षांत तिचं लग्न लावून दिलं. आता तीही कोयत्यावर जाते.

आणि मग, तुम्ही ओळखलंच असेल, डिझेल महाग झालं. नुसतं महाग नाही, त्याबरोबर पुन्हा दुष्काळ आला. आता बोअर खोल गेले होते, आणि जितकं खोल तितकं डिझेल जास्त प्यायचे. ट्रॅक्टर उभे राहिले. अण्णांना माझी आठवण झाली. त्यांनी माझ्या अंगावरची धूळ रुमालाने पुसली, तेव्हा मला शिसारी आली. शहादेव म्हणाला, "अण्णा, घाना फिरवतो मी, त्याचं काय न्हाई. पर टाकू काय त्याच्यात? दगडं?"

पुन्हा माझ्याच शेडमध्ये सभा भरली. "गायरानावर करंज लागवड करणे," अण्णांनी वाचलं आणि मान वर केली. मंजूर म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडली होती.

"थांबा," मनकर्णा म्हणाली. ती उभी राहिली. आवाज तोच खणखणीत, पण चेहरा पार वाळलेला. "फळ कवा येईल?"

"पाच-सा वरसं लागतीलच की. तुमाला म्हाईत हाय."

"तवर डिझेल सस्तं झालं तर?"

अण्णा हसले. "आता न्हाई तसं होनार. शबूद देतो तुमाला."

मग सगळे मंजूर म्हणाले. मनकर्णा म्हणाली नाही. मजुरी मिळाली म्हणून बायांनी गायरानावर खड्डे मात्र खणले, तिनंही खणले. रोपं दिवाळीनंतर येणार होती. आणि दिवाळी झाली नाही तोच समुद्रापलीकडचा भाव पुन्हा घसरला. थोडासाच घसरला, पण अण्णांचा उत्साह तेवढ्यावरच होता. रोपं आली नाहीत. बाया कोयत्यावर निघून गेल्या होत्या, विचारणार कोण? खडकावर नुसते खड्डे राहिले आणि त्यांत कुत्री झोपायला लागली.

उन्हाळ्यात मनकर्णा परत आली. ओढा ओलांडून त्या वाचलेल्या झाडाखाली गेली आणि ओटीभर शेंगा घेऊन आली. माझ्यासमोर बसून तिनं त्या दगडाने फोडल्या. मला वाटलं, आता चाड्यात टाकेल. पण ती उठली आणि गायरानात गेली. एकेका खड्ड्यात तिनं बिया पुरल्या. टँकरचं पाणी तिच्या घरी हंडाभर यायचं, त्यातलं तांब्याभर तिनं रोज तिकडे नेलं. त्याचा कुठे ठराव नव्हता. कुणी मंजूर म्हटलं नव्हतं.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. डिझेल आता कुणालाच परवडत नाही, पण सगळ्यांना लागतंच. गायरानातली काही रोपं मेली, काही जगली. जगलेली माझ्या छपराच्या वर गेली आहेत. यंदा त्यांना पहिला मोहर आला आहे, जांभळट पांढरा. मनकर्णाची नजर अधू झाली आहे, तिला तो वासावरून कळला. पुढच्या उन्हाळ्यात शेंगा वाळतील.

आणि यंदाच्या सभेत मला भंगारात विकण्याचा ठराव झाला. लोखंडाला सध्या भाव आहे म्हणे. शहादेव काल येऊन माझ्या अंगाला थोडं ग्रीस लावून गेला. का लावलं, त्याला ठाऊक. जाता जाता सांगत होता की सगळी सभा मंजूर म्हणाली, एक म्हातारी तेवढी नामंजूर म्हणून ओरडली. तोवर चहा आला होता, म्हणून ते कुणी लिहून घेतलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, सभांना जाल. काही स्वस्त झालं म्हणून जुनं मोडायला निघाल, तेव्हा ते परत उभं राहायला किती वर्षं लागतील हे आधी विचारा. कागद पुन्हा वाचून दाखवा म्हणा. चेअरमनचा अपमान झाला तर होऊ द्या. ओढ्याकडे गेलात तर त्या झाडांच्या बुडाशी तांब्याभर पाणी घाला.

भंगारवाला उद्या ट्रक घेऊन येणार आहे. मनकर्णा सकाळपासून शेडच्या दारात बसून आहे. चाड्यातली अंडी तिनं काढून घेतली, कोंबडी पाटीखाली झाकली, आणि मोकळ्या चाड्यावर आपला हात ठेवून बसली आहे.